मुखकळा

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या माणसांना पाटावर बसवून तेल-उटणे लावण्याची पद्धत आमच्या घरी अजून टिकून आहे. पाटाभोवती रांगोळी असते, वाटीतले तेल कोमट केलेले असते, बंबातले पाणी कढत असते, आणि बाहेरच्या काळोखात कोणाच्या तरी पोराने पहिला फटाका उडवलेला असतो. त्या घटकेला कर्त्या पुरुषाला आपण फार मोठे कोणीतरी आहोत असे वाटू लागते. भोकरसारख्या तालुक्याच्या गावातल्या शाळामास्तरला तसे वाटण्याचे प्रसंग वर्षातून फार येत नाहीत. म्हणून मी ती पहाट चुकवीत नाही.

गेल्या दिवाळीत तेल लावून झाल्यावर कुटुंबाने मला ओवाळले. ओवाळताना निरांजनाचा उजेड ओवाळून घेणाऱ्याच्या तोंडावर पडतो असा आपला समज असतो. खरे पाहता ताम्हण असते ओवाळणारीच्या हातात, तिच्या छातीशी. त्यामुळे उजेड अधिक पडतो तो तिच्याच तोंडावर. अठरा वर्षांच्या संसारात ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या पहाटे आली. आणि दिसले ते असे, की हिचा चेहरा फार थकला आहे. डोळ्यांखाली काळसर छाया, गालांवर राखेसारखी फिकट झाक, ओठ सुकलेले. रात्री एक वाजेपर्यंत ती चकल्या तळत होती आणि चारला उठून तिने बंब पेटवला होता, हे मला ठाऊक होते; पण ठाऊक असणे वेगळे आणि दिसणे वेगळे.

मी म्हणालो, "तुझा चेहरा किती निस्तेज झालाय! काही लावत का नाहीस?"

ती हसून म्हणाली, "लावते की! तुम्हाला लावते, लेकरांना लावते. माझी बारी येईस्तोवर उटणं संपतं अन् पाणी निवतं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते माझ्या मनात रुतून बसले. 'काही लावत का नाहीस?' हा माझा प्रश्न मला तेव्हा प्रेमाचा वाटला होता. पुढे वर्षभर मी त्याच्याकडे उलटसुलट पाहत आहे, आणि आता मला त्याची शरम वाटते. ती का वाटते, हेच आज सांगायचे आहे.

चेहऱ्याविषयी आपली भाषा फार जाणती आहे. मराठीत चेहरा उतरतो, तोंड सुकते, तोंड एवढेसे होते, चेहऱ्यावर अवकळा येते. ह्यांतला एकही शब्द कातडीला दोष देत नाही. पाणी उतरावे तसा चेहरा उतरतो. रोप सुकावे तसे तोंड सुकते. 'तुझे तोंड का सुकले?' असे आई विचारते तेव्हा तिला तोंडाला काय चोपडू हे विचारायचे नसते. तू जेवलास का, तुला कोणी बोलले का, हे विचारायचे असते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपल्या आजीला शरीरशास्त्र न शिकता ठाऊक होती. चेहरा हा पोहरा आहे. तो रिकामा वर आला तर पोहऱ्याला कल्हई करून काय उपयोग?

शास्त्रही फारसे निराळे सांगत नाही. आपल्या कातडीचा वरचा थर सतत नवा होत असतो. खालच्या पेशी वर सरकत येतात, वाळतात, आणि साधारण महिन्याभरात झडून जातात. वय वाढते तसा हा फेरा लांबतो. झडायच्या पेशी वर साचल्या, कातडी कोरडी पडली, म्हणजे तिच्यावर पडलेला उजेड एकसारखा परतत नाही, विखुरतो; आणि चेहरा धुरकट दिसतो. हे झाले वरचे कारण. त्याच्यावर कोमट पाणी, सौम्य साबण, अंगाला मानवेल ते तेल किंवा साधे मलम, आणि भर उन्हात डोक्यावर पदर, टोपी वा छत्री, एवढे उपाय पुष्कळ झाले. आमच्याकडे वैशाखात पारा ४२ अंशांवर चढतो. त्या उन्हाने कातडीवर डाग पडतात आणि ती वेळेआधी जून होते.

पण चेहऱ्याची कळा केवळ वरच्या थराची नसते. कातडीखालून रक्त वाहते आणि त्याची लाली वर उमटते. गोऱ्या माणसाचे रक्त कमी झाले तर तो पांढराफटक दिसतो. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत ते तसे दिसत नाही. सावळा रंग राखाडी होतो, मळका दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, हिने तोंड धुतले नाही. डॉक्टर मात्र गालाकडे पाहत नाही. तो पापणी खाली ओढून आतला रंग पाहतो, जीभ पाहतो, नखे पाहतो. झोप कमी झाली, गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली, पाळीत रक्त फार गेले, पोटात जंत झाले, धुराच्या चुलीपुढे वर्षे गेली, मनाला घोर लागला, तरी ह्या साऱ्याचा हिशेब त्या एका चेहऱ्यावर मांडला जातो.

हे सगळे मला पुस्तकातून कळले असे मी सांगितले तर ते खोटे होईल. मला ते एका मुलीमुळे कळले, आणि त्यात माझी चूक आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या तासाला तिचे डोळे मिटू लागत. चेहरा सदा मलूल, जणू त्यावर कोणी धूळ उडवली आहे. एके दिवशी शिकवण्याच्या भरात मी भर वर्गात तिला म्हणालो, "उठ, तोंड धुऊन ये. सकाळी सकाळी असलं तोंड घेऊन शाळेत येत जाऊ नये." वर्ग हसला. ती उठून नळावर गेली, तोंड धुऊन आली, आणि पुन्हा तोच चेहरा घेऊन बाकावर बसली. मी पुढची कविता शिकवू लागलो.

दोनेक महिन्यांनी तिचा चेहरा खरोखरच उजळला. मला बरे वाटले. शिस्तीचा उपयोग होतो असेही वाटले. मग आणखी काही दिवसांनी तो लाल झाला. गालांवर पुटकुळ्या उठल्या, उन्हात आली की आग होई, ओढणीने ती तोंड झाकून बसू लागली. त्याच सुमारास शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढली आणि माझ्याकडे वळून म्हटले, "सर, हिच्या अंगात रक्तच नाही." तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. ह्या वयात ते निदान बारा हवे.

तिच्या दप्तरातून मग एक लहानशी ट्यूब निघाली. कोणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणलेली. तिच्यावर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल असे छापले होते. हे फार तीव्र स्टेरॉईड आहे. काही चर्मरोगांत डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात, तेव्हा ते उपकारक असते. तोंड उजळावे म्हणून रोज चोपडले तर पहिले काही दिवस कातडी गोरी आणि गुळगुळीत दिसते. पुढे ती पातळ होते, लाल पडते, लव वाढते, आणि मलम थांबवताच आगडोंब उठतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून असली मलमे विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली नियम कडक केले. पण नियम आणि दुकानाचे फळकूट ह्यांच्यात पुष्कळ अंतर असते.

आता माझी दुसरी चूक. शाळेतून दर सोमवारी मुलामुलींना लोहाची निळी गोळी दिली जाते. वर्गात गोळ्या वाटणे आणि रजिस्टरात खूण करणे हे काम माझ्याकडे होते. मी रजिस्टर काढून पाहिले. तिच्या नावापुढे एकही सोमवार रिकामा नव्हता. माझ्या रजिस्टराप्रमाणे ती मुलगी ठणठणीत होती! तिला विचारले तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "उपाशीपोटी मळमळायलंय सर. म्हणून टाकून द्यायले."

तिच्या आईला बोलावले. ती म्हणाली, "काय सांगावं सर, माझ्यासंगं पहाटं चारला उठायलीय पोरगी. भाकरी करून, पाणी भरून शाळेला येती. सुगीत दोन घंटे कापूस येचती. खायाचं म्हणलं तर च्या घेऊनच निघती." पोटात अन्न नाही, त्यावर चहा, आणि चहा तर अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. ज्या तोंडाला मी 'असलं तोंड' म्हणालो, त्या तोंडावर हे सारे स्वच्छ लिहिलेले होते. मी मराठीचा मास्तर. वाचणे हा माझा धंदा. तरी मला तेवढे वाचता आले नाही.

ही एकटी मुलगी अपवाद असती तर मी तिच्यावर निबंध लिहिला नसता. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत शेकडा २५. आपल्या महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण शेकडा ५४ आहे. ह्याचा अर्थ असा, की फराळाच्या ताटाभोवती आज आपल्या घरच्या चार बायका बसल्या असतील तर त्यांतल्या दोघींच्या तरी अंगात रक्त कमी असण्याचा संभव आहे. आणि त्या दोघींपुढे एखादे मासिक उघडे असेल, तर त्यातली जाहिरात त्यांना सांगत असेल की दोष तुमच्या कातडीत आहे.

जाहिरातवाल्यांनी काळाप्रमाणे भाषा बदलली, हे खरे. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीने २०२० साली आपल्या नावातला 'फेअर' काढून तेथे 'ग्लो' बसवला. गोरेपणाच्या जागी तेज आले. रंगावरून माणसाला हिणवणे वाईट, हे निदान पाटीवर तरी मान्य झाले, ही चांगलीच गोष्ट. पण तेज हा शब्द गोरेपणाहून मोठा आहे. रंग जन्माने मिळतो. तेज मात्र जगण्यातून येते, असे आपण समजतो. म्हणून 'तुझ्यात तेज नाही' हे ऐकणे 'तू काळी आहेस' ह्याहूनही जिव्हारी लागते, आणि माणूस हाती येईल ते चोपडायला तयार होतो.

ह्या घाईची किंमत केवढी असते पाहा. २०२३ च्या आरंभी अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकींची हकीकत वर्तमानपत्रांत आली होती. ओळखीच्या ठिकाणाहून आणलेले चेहरा उजळण्याचे क्रीम तिघी लावीत होत्या. तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत प्रकरण गेले, क्रीम तपासले, तेव्हा त्यात पारा निघाला. पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. आणि तोच पारा आत मुरून मूत्रपिंडे बिघडवतो. पाऱ्याविषयीच्या जागतिक मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिलेली आहे. तरी ज्या डबीवर घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आणि जी आठवड्यात उजळून देण्याचे वचन देते, ती डबी घरात न आणणे हाच खरा बंदोबस्त.

पण मलमाच्या दुकानदारावर सगळे ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या मुलीला ट्यूब दुकानदाराने विकली. ती घ्यावी असे तिला माझ्यामुळे वाटले.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेवीस माणसांची छायाचित्रे काढली. एकदा रात्रभर झोपल्यावर, एकदा जागरणानंतर. ती पासष्ट अनोळखी लोकांना दाखवली. जागलेले चेहरे त्यांना अधिक थकलेले, कमी निरोगी आणि कमी आकर्षक वाटले. ह्यात नवल नाही. पण २०१७ साली ह्याच विषयावर दुसरा प्रयोग झाला, त्याने मला विचारात पाडले. सलग दोन रात्री अपुरी झोप झालेल्या माणसांची छायाचित्रे पाहून लोक म्हणाले, ह्यांच्याशी मिळूनमिसळून वागावेसे आम्हाला कमी वाटते. म्हणजे ज्याला सोबतीची गरज अधिक, त्याच्यापासून आपण दूर सरतो, आणि आपण सरलो हे आपल्याला कळतही नाही! थकल्या माणसाला थकव्याची शिक्षा एकदा शरीर देते, आणि दुसऱ्यांदा आपण देतो.

मला वाटते, नीतीचा प्रश्न उभा राहतो तो येथे. चेहरा कोणाचा असतो? आपला म्हणावा, तर आपल्याला तो आरशावाचून कधी दिसत नाही. जन्मभर तो दिसतो दुसऱ्याला. हात आपल्यासाठी, पाय आपल्यासाठी. चेहरा मात्र समोरच्यासाठी आहे. ह्यावरून जग असे अनुमान काढते, की तो समोरच्याला रुचेल असा ठेवणे हे प्रत्येकाचे, त्यातही बाईचे, कर्तव्य आहे. सासुरवाशिणीने हसतमुख असावे, मास्तरणीने प्रसन्न असावे, दुकानातल्या मुलीने टवटवीत असावे. मी ह्याच्या उलटे अनुमान काढतो. चेहरा जर समोरच्याला दिसण्यासाठी आहे, तर तो पाहण्याचे कर्तव्य समोरच्याचे आहे. मलूल तोंड दिसले तर पहिले काम तोंडवाल्याचे नाही, पाहणाऱ्याचे आहे. 'काही लावत का नाहीस?' हा प्रश्न ते काम तोंडवालीवर ढकलतो. 'केव्हा झोपलीस? काय खाल्लेस? तुझे कोणते काम मी करू?' हे प्रश्न ते काम आपल्याकडे घेतात. माझ्या प्रश्नाची मला शरम वाटते ती ह्यामुळे.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही थकव्याचेच गोडवे गाऊ लागलात. तसे नाही. घामाला मोती म्हणणारे आणि बायकांच्या सुरकुत्यांत त्यागाची महती पाहणारे लेखक आम्हीच; माझ्याही कादंबऱ्यांत अशा थकल्या माउली आहेत, आणि त्यांचे वर्णन करताना मी स्वतः खुर्चीत आरामात बसलेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. थकव्याची पूजा करणे हा तो दूर न करण्याचा फार सोयीचा मार्ग आहे. उन्हाने रापलेला चेहरा आणि थकलेला चेहरा ह्यांत फरक आहे, हेही विसरू नये. अर्धापूरच्या बाजूला हळदीच्या शेतांत सत्तरीची एखादी म्हातारी दिसते. चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे, रंग काळाकभिन्न, पण डोळे लकलकत असतात आणि तोंडावर कळा असते. तिला निस्तेज कोण म्हणेल? उलट तिच्याच शेजारी कंद काढणारी तिशीची सून पिवळ्या हातांनी, राखेच्या तोंडाने उभी असते. ती हळद उकडली जाते, वाळते, शहरात जाते, आणि तेथे कोणाच्या तरी गालांवर तेजासाठी लावली जाते. जिने ती काढली तिच्या गालांना काय हवे आहे, हे हळदीने सुटणारे कोडे नव्हे.

तसेच, छान दिसावे असे वाटण्यात काही पाप आहे असेही मी मानत नाही. माझी मुलगी आरशापुढे अर्धा तास उभी असते. पूर्वी मी खेकसत असे. आता खेकसत नाही. तोंड धुवावे, केस विंचरावेत, गालाला हात लावून तो मऊ लागला म्हणून हसावे, हा आनंद गरिबालाही परवडतो आणि तो त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार उपदेशकाला नाही. दिवाळीचे उटणे त्याच आनंदासाठी तर आहे. मात्र अभ्यंगाचा सुगंध उटण्याच्या पुडीत जेवढा असतो, तेवढाच कोणीतरी आपल्यासाठी आधी उठले ह्या जाणिवेत असतो. घरात ती जाणीव सर्वांना मिळते. एकीला मिळत नाही.

आमच्या जिल्ह्यात माहूरगडावर रेणुकामातेचे ठाणे आहे. तेथे देवीची हातापायांची मूर्ती नाही. आहे तो केवळ शेंदूरचर्चित भव्य मुखवटा. त्याची कथा अशी सांगतात, की आईच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या परशुरामाला आकाशवाणी झाली, तुझी आई डोंगरातून प्रकट होईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. तो वळला, तेव्हा आईचे मुख तेवढे वर आले होते. ती तेवढीच राहिली. लहानपणी मला वाटे, काय हा अधीरपणा! आता वाटते, त्याला आईच्या मुखाचीच ओढ होती. आपली तऱ्हा उलटी आहे. आपल्या घरी संबंध आई उभी असते, वाढत असते, ओवाळत असते, आणि आपण तिच्या हातातल्या ताटाकडे पाहत असतो.

त्या मुलीची हकीकत पुरी करतो. ट्यूब डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाली. चेहरा शांत व्हायला काही महिने गेले. लोहाच्या गोळ्या रोज सुरू झाल्या, जेवणानंतर. वर लिंबू, आणि चहा त्याच्या आसपास नाही. ह्या गोळ्यांनी दीड-दोन महिन्यांत रक्त वाढू लागते, पण साठा भरण्यासाठी त्या पुढे आणखी काही महिने घ्याव्या लागतात. आईने कापसाच्या दिवसांत तिला पहाटे उठवणे बंद केले. त्या घरी तिच्याहून थोरला भाऊ होता, तो पाणी भरू लागला. मी सोमवारची गोळी मधल्या सुट्टीच्या जेवणानंतर देऊ लागलो आणि खूण करण्याआधी तोंडाकडे पाहू लागलो. ती दहावी झाली तेव्हा पेढे घेऊन आली. चेहरा सावळाच होता. मी तिची त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ती गोंधळून म्हणाली, "मला कुठं ध्यानात हाय सर?" ध्यानात होते, पण मुली अशा वेळी असेच म्हणतात.

राहता राहिली आमच्या घरची गोष्ट. हे सारे विचार मी परवा कुटुंबाला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. तिने करंज्या भरता भरता ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते सगळं खरं. पण यंदा बंब कोण पेटवणार आहे, ते सांगा."

बंब मी पेटवणार आहे. रक्त तपासायला आम्ही दोघे दिवाळीच्या आधीच जाऊन आलो. तिचे दहाच्या आत निघाले. यंदा फराळाचे जिन्नस दोन कमी झाले आहेत आणि चकल्या विकतच्या आहेत. पाहुण्यांनी गोड मानून घ्याव्यात. आणि चतुर्दशीच्या पहाटे पाटावर पहिल्यांदा ती बसणार आहे. तिला ते विचित्र वाटते आहे. लेकरे काय म्हणतील म्हणून ती दोनदा नको म्हणाली. उटणे मुलगी लावील, ओवाळीनही तीच. मी बाजूला पाणी घेऊन उभा राहणार आहे, आणि त्या उजेडात दोघींची तोंडे नीट पाहून घेणार आहे.